न्हाव्याच्या मुलाचं टक्कल

नोकरीची सगळी वर्षं मी माणसाच्या कातडीचे काप करण्यात घालवली. पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात ऊतींची प्रयोगशाळा होती, तिथे मी तंत्रज्ञ होतो. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा आमच्याकडे फॉर्मालिनच्या बाटलीत यायचा. त्यातलं पाणी काढून टाकायचं, तो मेणात बसवायचा आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याच्या चकत्या करायच्या. त्या इतक्या पातळ असायच्या की जवळ कुणी शिंकलं तर सकाळचं काम वाया जायचं. चकत्या कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलायच्या आणि रंगवायच्या. पेशींची केंद्रकं जांभळी दिसायची, बाकीचं सगळं गुलाबी. काच डॉक्टरांकडे गेली की माझं काम संपलं. तुकडा कुणाचा होता ते मला कधी कळायचं नाही, कारण बाटलीवर फक्त क्रमांक असायचा.

त्या काळी मायक्रोटोमचं पातं पुन्हा पुन्हा धार लावून वापरायचे. ते चामड्याच्या पट्ट्यावर परजावं लागायचं. पहिल्याच आठवड्यात मला ते परजताना पाहून विभागातल्या मॅडम थांबल्या. त्या प्राध्यापक होत्या, अस्सल पुण्याच्या. कौतुक करायचं तरी त्या रागावल्यासारख्या बोलायच्या.

"हे कुठं शिकलात?"

"घरी. वडील न्हावी आहेत."

"उत्तम. म्हणजे तुम्हाला शिकवण्यातला माझा एक महिना वाचला. आता तो सत्कारणी लावा."

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, मी हे पुढच्या खेपेला सांगितलं तेव्हा ते दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आठवडाभर सांगत होते. सोलापूर रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावात, बसस्टँडमागे, आबांचं पत्र्याचं दुकान होतं. आई मी सातवीत असताना गेली. त्यानंतर आबांनी दिवसभर उभं राहून लोकांची डोकी केली आणि संध्याकाळी माझ्यासाठी भाकरी थापली. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढे कुणी गेलं नव्हतं. मला शिकवू नका, धंद्यात घ्या, असं भावकीतले सांगत होते. शाळेतल्या गुरुजींनी आबांना एकदा बोलावून घेतलं, दोघं काय बोलले ते मला माहीत नाही, पण त्यानंतर आबांनी माझ्या हातात कात्री दिली नाही. मी बीएस्सी झालो ते या दोन माणसांमुळे. ही गोष्ट मी एक दिवसही विसरलो नाही. पुढे जे झालं त्याचं मूळही तिथेच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पुण्यात मी हडपसरला एका शिंपीकाम करणाऱ्या मुसलमान कुटुंबाकडे मागची खोली घेऊन राहत होतो. माणसं भली होती. ईदला शीरखुर्म्याचं पातेलं यायचं, दिवाळीला मी दुकानातून आणलेली चकली त्याच पातेल्यातून परत जायची. पण माझं बोलणं तिथेच संपायचं. कॉलेजातले इतर तंत्रज्ञ शहरातले होते, त्यांची घरं होती, नाटकाची तिकिटं असायची. मला त्यांच्यात बसलं की माझे शब्द जड वाटायचे. रविवार असा जायचा की दिवसभरात एकही वाक्य तोंडातून निघायचं नाही, आणि सोमवारी मॅडमना "नमस्कार" म्हणताना घसा खाकरून घ्यावा लागायचा. दीड-दोन महिन्यांतून एकदा मी स्वारगेटहून एसटी पकडून गावी जायचो. आबा मला दुकानातल्या खुर्चीत बसवून केस कापायचे. पुण्यात मी कधीच केस कापून घेतले नाहीत. माझ्या डोक्याला हात लावणारं माणूस जगात एकच होतं.

त्यामुळे माझे केस चालले आहेत हे माझ्याआधी आबांना कळलं. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा असेन. कात्री चालत होती ती थांबली. आबांचं मधलं बोट डोक्याच्या मागे, भोवऱ्यापाशी, एका जागी टेकलं आणि तिथेच राहिलं.

"पोरा, हितं पातळ झालंय."

"किती?"

"अजून कुणाला दिसायचं न्हाय. मला लागतंय हाताला." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पुण्याचं पानी. दुसरं काय न्हाय."

पुण्याच्या पाण्यावर त्यांनी माका दिला, जास्वंदीचं तेल दिलं, एकदा कांद्याचा रस चोळला, ज्याच्या वासानं एसटीत शेजारचा माणूस उठून मागे गेला. गिऱ्हाइकांना हेच उपाय देताना आबा डोळे मिचकावायचे हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. माझ्या डोक्याला चोळताना मात्र त्यांचा चेहरा गंभीर असायचा. वर्षभरात कानशिलांवरचे केसही मागे हटले. उशीच्या खोळीवर, बादलीच्या पाण्यात, मेण वितळवायच्या भांड्याच्या काठावर, सगळीकडे माझे केस सापडायचे. मॅडमनी एकदा चिमट्यानं एक केस काचेवरून उचलला आणि उजेडात धरला.

"हा रुग्णाचा नाही. अहो, निदान स्वतःला तरी नमुन्यात मिसळू नका."

मी धीर करून विचारलं, "मॅडम, यावर काही उपाय?"

"मला माहीत असता तर मी इथं मेण वितळवत बसले असते का?"

पण दुपारी त्यांनी मला बोलावलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली डोक्याच्या कातडीची एक काच लावून दिली. विद्यार्थ्यांना शिकवायला त्यांच्याकडे असलेल्या अशा काचा सगळ्या म्हाताऱ्या माणसांच्या मृतदेहांच्या होत्या. तरुण माणसाच्या, केस विरळ होत असलेल्या कातडीचा नमुना त्यांना हवा होता. तो कोण देणार? कुणी आपल्या डोक्याचा तुकडा कशाला काढून देईल? मी देतो म्हणालो. मला ते उपकार फेडण्यासारखं वाटलं. या कॉलेजनं मला माणसात आणलं होतं. त्वचाविभागातल्या डॉक्टरांनी सुई टोचून भाग बधिर केला आणि शर्टाच्या बटणाहून लहान असा एक गोल तुकडा काढला, एक टाका घातला. तुकडा बाटलीत पडला. त्यावर क्रमांक मीच लिहिला.

दोन दिवसांनी मी स्वतःला मेणात बसवलं आणि स्वतःचे काप केले. त्या दिवशीचे काप फार चांगले निघाले. रंग देऊन काच मी मॅडमकडे नेली. त्यांनी पाहिली, उठल्या आणि खुर्ची मला दिली.

"बघा. हे तुम्ही."

निरोगी केसाचं मूळ खोल असतं, पार चरबीच्या थरात उतरलेलं, कांद्यासारखं फुगलेलं. माझी काही मुळं तशीच होती. पण त्यांच्यामध्ये कितीतरी मुळं वर सरकलेली होती, बारीक, आखडलेली. जिथून ती वर आली होती तिथे खाली एक बारीक दोर लोंबत राहिला होता. पूर्वी इथपर्यंत होतो, एवढंच तो दाखवत होता. मॅडमनी समजावून सांगितलं. केसाचं मूळ काही वर्षं केस वाढवतं, मग थोडा विसावा घेतं, पुन्हा कामाला लागतं. ज्यांच्या रक्तात हे असतं त्यांच्यात शरीरातल्याच एका रसायनामुळे प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान होत जाते. मूळ एकदम मरत नाही. ते लवकर म्हातारं होतं. आणि पेशी सगळ्याच म्हाताऱ्या होतात. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, असं ठरावीक वेळा झालं की ती विभागायची थांबते.

"म्हणजे माझं बाकी शरीर पंचविशीत आहे, आणि डोकं...?"

"डोकं नाही हो. डोक्याची साल. डोकं ठीक आहे तुमचं. वापरा म्हणजे झालं."

मी त्या दिवशी बराच वेळ त्या काचेपाशी बसलो. वाईट वाटलं नाही. उलट कुणीतरी माझ्याविषयी इतकं बारकाईनं बोललं याचंच बरं वाटत होतं.

याच सुमारास आबांनी माझ्या लग्नाचं मनावर घेतलं. स्थळांकडे पाठवायला फोटो लागतो. फोटो होताच. बीएस्सीचा निकाल लागल्यावर आबांनी मला गावातल्या स्टुडिओत नेलं होतं. अशा फोटोंसाठी स्टुडिओवाल्यानं एक काळा झगा आणि चौकोनी काळी टोपी ठेवलेली होती. झग्याला डांबरगोळ्यांचा वास होता आणि तो पाठीमागून टाचण्यांनी आवळला होता. हातात गुंडाळी दिली, ती कोऱ्या कागदाची. गावात त्या झग्यात फोटो काढलेले फार तर चार-पाच जण असतील, आणि आमच्या जातीतला मी एकटा. आबांनी तो फोटो दुकानात दोन आरशांच्या मध्ये लावला होता. केस कापताना गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघायचं आणि मधोमध मला. त्याच फोटोच्या प्रती काढून आबांनी नातेवाइकांकडून स्थळांकडे पाठवल्या. त्यात माझ्या डोक्यावर टोपी होती हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नाही. त्यांच्या दृष्टीनं फोटोत डोकं नव्हतंच, डिग्री होती. तो फोटो काढला तेव्हा टोपीखाली भरपूर केस होते, ही गोष्ट वेगळी.

लोणी काळभोरहून होकार आला. मुलीच्या वडिलांचं तिथे हमरस्त्याला सलून होतं. मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. एका रविवारी आबा गावाहून एसटीनं आले, मी पुण्याहून गेलो, आणि लोणीच्या थांब्यावर भेटलो. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरचे केस आडवे वळवून भांग जरा कानाजवळून काढला होता.

"ह्ये काय क्येलंस?"

"जरा बरं दिसतं."

त्यांनी खिशातून कंगवा काढला आणि रस्त्यात उभं राहून माझे केस सरळ मागे विंचरले. "न्हाव्याच्या घरी चाललोय. हितं लपवून काय लपतंय?"

ते खरंच होतं. घरात शिरलो तर ओसरीवर मुलीचे वडील, दोन चुलते आणि मामा बसले होते, आणि चौघंही न्हावी. रामराम झाला, पाणी आलं, आणि चारी माणसांची नजर माझ्या कपाळाच्या वर जाऊन थांबली. थोरल्या चुलत्यांना राहवेना.

"पाव्हणं, जरा उजेडाला सरकता का?"

मी सरकलो. ते उठून माझ्या पाठीमागे उभे राहिले. एवढी वर्षं धंदा केलेला माणूस दुसऱ्याचं डोकं समोरून बघूच शकत नाही.

"भोवरा उघडा पडलाय."

"कानशिलं बी गेल्यात मागं," धाकटे चुलते म्हणाले.

"लव हाय की अजून."

"लव काय करती? लव भेंडीला बी असती."

सगळे हसले. आबाही हसले. "तुमी हात लावून बघा," ते म्हणाले, "मी आदीच बघितलंय." त्यांच्या बोलण्यात धंद्यातल्या माणसांमधला मोकळेपणा होता. मला कुणी वाईट बोलतंय असं वाटलं नाही. मुलीच्या वडिलांना मात्र संकोच झाला. ते म्हणाले, "पोरांना जरा बोलू द्या," आणि आम्हाला मागच्या पडवीत बसवलं. तिची आई दाराआड भांडी आवरत राहिली, फक्त भांड्यांचा आवाज येत नव्हता.

मुलगी माझ्याहून धीट होती. तिनंच विचारलं, "आपण नक्की काय काम करता?"

मी सांगितलं.

"माणसाचं कातडं कापता?"

"म्हणजे आधीच कापलेलं असतं. मी त्याचे पातळ काप करतो."

"आमच्याकडं सगळे कातडं न कापता काम करतात," ती म्हणाली. "निदान तसा प्रयत्न असतो."

मला हसू आलं. ती पण हसली. मग तिनं सरळच विचारलं, "केस परत येतील का?"

दुसरा कुणी असता तर त्यानं काहीतरी गोड सांगितलं असतं. मी तिला मुळांच्या फेऱ्या सांगितल्या. मुळं कशी वर सरकतात, पेशी किती वेळा विभागतात आणि मग कशा थांबतात, हे सगळं मॅडमनी सांगितलं होतं तसं सांगितलं. हे आईवडील दोघांकडून पुढच्या पिढीत उतरू शकतं हेसुद्धा सांगितलं, आणि मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन माझे कान तापले.

तिनं ते पुढच्या पिढीचं ऐकलं नसल्यासारखं केलं. "थांबतात म्हणजे मरतात?"

"नाही. असतात जागेवरच. फक्त वाढत नाहीत."

"दुखतं का?"

"काय?"

"थांबतात तेव्हा."

मला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनीही नाही, मी स्वतःलाही नाही. "नाही," मी म्हणालो, "दुखत नाही."

"मग बरंय." ती उठताना म्हणाली, "आमच्या घरात माणसाच्या आधी डोक्याकडं बघतात. मनावर घेऊ नका. मी आधी तोंडाकडं बघते."

पडवीतून ओसरीवर जायला दहा-बारा पावलं होती. ती चालताना मला वाटत होतं की आपलं ठरलं. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

ओसरीवर माझा फोटो मामांच्या हातात होता.

"...न्हाय, मी म्हणतो, मग फोटोत टोपडं कशाला घातलं?"

"त्ये टोपडं न्हाय," आबा म्हणाले. "डिगरीची टोपी हाय ती."

"डिगरीची आसू द्या की. झाकायला बरी घावली."

मामा चेष्टेनं म्हणाले, हे मला तेव्हाही कळलं. चुलते हसायच्या बेतात होते. पण आबांनी पोह्यांची ताटली खाली ठेवली. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. लोकांची डोकी करताना त्यांनी आयुष्यभर लोकांचं बोलणं हसून घेतलं होतं. पण तो फोटो त्यांनी दोन आरशांच्या मध्ये लावलेला होता.

"चल," ते मला म्हणाले.

मुलीचे वडील आडवे आले, मामांना बोलले, आबांचे हात धरले. आबा नीट बोलले, कुणाचा अपमान केला नाही, चपला घातल्या आणि निघाले. मी त्यांच्या मागे निघालो. वळून पाहिलं नाही. थांब्यावर आम्ही एकाच बाकावर बसलो. सोलापूरकडची गाडी आधी आली. आबा चढताना एवढंच म्हणाले, "ज्वारीचं पीठ हाय का खोलीवर?" मी हो म्हणालो.

आठवड्याभरानं विभागात माझ्या नावाचं पत्र आलं. मला तिथे कधी पत्र येत नसे. मॅडमनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं. अक्षर शाळेतल्या फळ्यासारखं गोल होतं. लिहिलं होतं की मामांच्या बोलण्याचं सगळ्यांना वाईट वाटलं आहे, वडील गावी येऊन आबांची माफी मागायला तयार आहेत. "मला आपण पसंत आहात. आपलं काय ते कळवावं." खाली ओळभर जागा सोडून लिहिलं होतं की पेशींचं तिनं चौथीच्या वर्गाला सांगितलं, आणि मुलांनी खूप प्रश्न विचारले.

ते पत्र खिशात घेऊन मी पुढच्या रविवारी गावी गेलो. सांगायचं ठरवून गेलो. एसटीत वाक्यं जुळवली. आबांनी मला खुर्चीत बसवलं, पांढरं कापड गळ्याशी बांधलं, मान खाली घातली आणि मानेवरचे केस वस्तऱ्यानं काढायला घेतले.

"त्या लोणीच्या माणसानं निरोप धाडला हुता," ते म्हणाले. "माफी मागतो म्हणत हुता. मी म्हटलं, माफी कशापायी? आमालाच करायचं न्हाय." वस्तरा एकदा वरून खाली आला. "बरं क्येलं न्हवं?"

मानेवर वस्तरा होता. मान हलवायची सोय नव्हती. मी "हं" म्हणालो.

पुढे कितीतरी वर्षं मी मनात सगळा दोष त्या वस्तऱ्यावर ढकलत आलो. पण तोंड मोकळं होतं. आबांनी दोनदा विचारलं असतं तरी मी हेच म्हणालो असतो. ज्यांनी मला कात्री हातात दिली नाही, ज्यांनी उभं राहून मला शिकवलं, त्यांचा अपमान झाला त्या घरी मला मुलगी आवडली, हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं? मला ते कृतघ्नपणाचं वाटलं. पुण्याला परत येऊन मी तिला उत्तर लिहिलं. चार मसुदे फाडले आणि पाचवा पाठवला: "वडिलांचा निर्णय तोच माझा निर्णय आहे. आपणांस उत्तम स्थळ मिळो ही सदिच्छा." हे वाक्य मला तेव्हा फार शोभिवंत वाटलं होतं. शिकलेल्या माणसाला शोभेल असं.

पुन्हा पत्र आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कुणाकडून तरी कळलं.

आबा स्थळं बघत राहिले. फोटो तोच पाठवायचे, आता हट्टानं. दोन-तीन ठिकाणी मुलीकडून नकार आला, दोन-तीन ठिकाणी माझ्याकडून, आणि माझी कारणं अशी होती की सांगायला लाज वाटावी. मग पस्तिशी आली आणि स्थळं यायची बंद झाली. तोवर माझं टक्कल पूर्ण झालं होतं. त्याचा मला त्रास झाला नाही. विद्यार्थ्यांच्या बॅचमागून बॅच माझ्या टाळूची काच पाहून परीक्षा देत होत्या. त्यांच्यासाठी तो एक क्रमांक होता. कधी कपाट आवरताना ती काच हाती आली तर मी पुसून जागेवर ठेवायचो.

निवृत्तीच्या काही वर्षं आधी मी हडपसरपुढच्या मांजरी गावात एक लहान फ्लॅट घेतला. ऊस काढून टाकलेल्या रानात उभी राहिलेली इमारत होती, आजूबाजूला अजून ऊस. आबांनी ऐंशी ओलांडली होती. दुकान बंद झालं होतं, हात कापायला लागले होते. मी त्यांना घेऊन आलो. त्यांची रोजची दाढी आता मी करायचो. त्यांची कातडी कागदासारखी झाली होती, बोटानं ओढली की ओढलेली राहायची. ती आतून कशी दिसत असेल हे मला न पाहता माहीत होतं.

एका सकाळी खाटेच्या लोखंडी पायाला त्यांची नडगी घासली. एवढंच. पण कातडीचं सालपट निघालं आणि जखम झाली ती भरेना. डॉक्टर झाले, मलम झालं, साखर तपासली, ती ठीक होती. महिना गेला, दुसरा गेला. विभागात तेव्हा संशोधन करणारी एक मुलगी होती, तिला मी विचारलं. तिनं मला जे सांगितलं ते आमच्या वेळी कुणाला माहीत नव्हतं. विभागायच्या थांबलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्यांच्यातून काहीबाही झिरपत राहतं आणि शेजारच्या धडधाकट पेशींनाही ते बाधतं. तरुण शरीर अशा पेशी काढून टाकतं. म्हाताऱ्या शरीराला ते पुरं पडत नाही, त्या साठत जातात.

दुपारी पट्टी बदलताना मी हे आबांना सोपं करून सांगितलं. त्यांना माझ्या कामाच्या गोष्टी ऐकायला नेहमी आवडायचं.

"म्हंजी काम बंद, पण खुर्ची सोडायची न्हाय," ते म्हणाले. "आन् येणाऱ्या-जाणाऱ्याला तरास."

"तसंच."

"आमच्या नगरपालिकेत असला एक हुता."

मी हसलो. जखम धुतली, कापसानं टिपली. आबा माझ्याकडे बघत होते.

"तू दिसभर कुणाशी बोलतोस रं?"

"तुमच्याशी."

"मी यायच्या आदी?"

मी मलम लावत राहिलो.

"लगीन का न्हाय केलंस तू?"

"जमलं नाही, आबा. स्थळं कुठं आली?"

"आली हुती की. त्ये लोणीचं."

"ते तुम्ही नको म्हणालात."

"व्हय, मी न्हाय म्हणालो. तुला पसंत हुती का ती?"

अठ्ठावीस वर्षं झाली होती. आता खोटं बोलून काही वाचणार नव्हतं. "हो," मी म्हणालो.

खाली कुणाच्या तरी टँकरमधून पाणी सोडल्याचा आवाज येत होता. आबा म्हणाले, "मग बोलला का न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं की," आबा म्हणाले. "आठ दिस वाटलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. हिशेब सांगितल्यासारखंही नव्हतं. ते नुसते खरं सांगत होते, भोवऱ्यापाशी पातळ झालंय हे सांगितलं होतं तसं. ज्याचं मन राखायचं म्हणून मी गप्प बसलो त्या माणसाला मी कधी विचारलंच नव्हतं की त्याचं मन किती दिवस दुखेल. तो एवढ्यानं मोडेल असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. मी त्यांचे उपकार मानत होतो, पण त्यांना माझ्यापेक्षा कमी ताकदीचं समजत होतो. कॉलेजात इतकी वर्षं काढून मला हे दिसलं नाही.

मी पट्टी गुंडाळली आणि गाठ मारली. आबांनी पाय किंचित मागे घेतला.

"घट्ट झालं?"

"जरा सैल कर."

मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, या वेळी हळू. आबांनी पाय हलवून पाहिला.

"आता बरंय," ते म्हणाले.